युरोपचा प्रवास : रूळ कीं रस्ता?



उन्हाळ्याची सुटी जवळ येऊं लागली कीं अलीकडे पुष्कळ मराठी घरांतून युरोपचा नकाशा पसरला जातो. कोणाचा मुलगा जर्मनींत नोकरीस असतो, कोणाची कन्या हॉलंडांत शिकत असते, तर कोणी निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून आयुष्यांत एकदां चार देश पाहून यावे असा संकल्प सोडितात. विमानाचीं तिकिटें निघतात, व्हिसा मिळतो, आणि मग एक प्रश्न उरतो. या देशांतून त्या देशांत जावयाचें तें आगगाडीनें, कीं मोटार भाड्यानें घेऊन? वडील माणसांचा कल बहुधा आगगाडीकडे असतो, तरुणांचा मोटारीकडे. दोन्ही पक्ष कागदावर आंकडे मांडून भांडतात, आणि आंकडेहि असे लबाड कीं ते ज्याच्या हातीं पेन्सिल असेल त्याच्याच बाजूनें साक्ष देतात.

मी शाळामास्तर, इतिहास आणि भूगोल शिकविण्यांत माझीं वर्षें गेलीं. तेव्हां या वादाकडे मी माझ्या विषयाच्या बाजूनें पाहणार आहें. युरोपांत सीमा ओलांडून जाणारें प्रत्येक चाक, मग तें रुळावरील असो वा रस्त्यावरील, कोणत्या तरी करारावर चालत असतें. आगगाडीचे करार निराळे, मोटारीचे निराळे; ते निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या कारणांनीं झाले. ते कसे झाले हें समजलें म्हणजे कोठें आगगाडी घ्यावी आणि कोठें मोटार, याचा उलगडा आपोआप होऊं लागतो.

प्रथम रुळांचा विचार करूं. इंग्लंडांत १८२५ सालीं स्टॉक्टन ते डार्लिंग्टन हा लोहमार्ग सुरू झाला, आणि १८३० सालीं लिव्हरपूल व मँचेस्टर हीं शहरें रुळांनीं जोडलीं गेलीं. बेल्जमनें १८३५ च्या मे महिन्यांत ब्रुसेल्स ते मेखेलन अशी आपली पहिली गाडी चालविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जर्मनींत न्यूरेंबर्गहून फ्युर्टला गाडी गेली. या दोन्ही देशांनीं पहिलीं इंजिनें इंग्लंडांतून, स्टीफन्सनच्या कारखान्यांतून आणविलीं. अर्थात् दोन रुळांमधील अंतरहि त्या इंजिनांच्याच मापाचें ठेवावें लागलें. हें माप चार फूट साडेआठ इंच, म्हणजे आजच्या हिशेबानें १४३५ मिलिमीटर. कोणा मुत्सद्द्यानें एक माप असावें असें ठरविलें नव्हतें. इंजिन एका ठिकाणचें म्हणून माप एक झालें. परंतु त्याचा परिणाम मोठा झाला. १८४३ सालीं कोलोनपासून अँटवर्पपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां प्रशिया आणि बेल्जम या दोन राज्यांमधील सीमेवर रूळ तुटले नाहींत.

जेथें माप निराळें निवडलें गेलें तेथें काय झालें, हें स्पेनच्या उदाहरणावरून दिसतें. १८४४ सालीं स्पेनच्या सरकारनें सहा कॅस्टिलियन फूट, म्हणजे सुमारें १६७२ मिलिमीटर, हें माप ठरविलें. फ्रान्सची स्वारी रुळांवरून येऊं नये म्हणून हें केलें अशी लोकांत समजूत आहे. परंतु ज्या अभियंत्यांनीं सल्ला दिला त्यांचें म्हणणें असें होतें कीं डोंगराळ मुलुखांत मोठ्या बाष्पपात्राचें जोरदार इंजिन लागेल, व त्यासाठीं रूळ रुंद हवेत. हेतु कांहींहि असो, फळ एकच. पुढें शंभरांहून अधिक वर्षें फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर उतारूंना एका गाडींतून उतरून दुसरींत चढावें लागे. १९६९ सालीं बार्सिलोना ते जिनीव्हा अशी गाडी निघाली, तिच्या चाकांमधील अंतर सीमेवर बदलतां येत असे. १९९२ सालीं माद्रिद ते सेव्हिल हा वेगवान मार्ग स्पेननें १४३५ च्या मापानें बांधला, आणि २०१३ च्या डिसेंबरपासून पॅरिस व बार्सिलोना यांच्या दरम्यान गाडी न बदलतां जाण्याची सोय झाली. एका मापाचा निर्णय सुधारण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. श्रोत्यांना गंमत म्हणून सांगतों, १८५३ सालीं बोरीबंदरहून ठाण्यास जी गाडी गेली तिचे रूळ १६७६ मिलिमीटरांचे होते, आणि स्पेनच्या जुन्या रुळांचें आजचें माप १६६८ आहे. म्हणजे या एका बाबतींत माद्रिद हें पॅरिसपेक्षां ठाण्याला अधिक जवळ आहे.

केवळ रुळांचें माप जुळून भागत नाहीं. डब्याची रुंदी, दोन डबे जोडण्याचे आंकडे, धक्के सोसणाऱ्या तबकड्या, हें सर्व जुळावें लागतें. नाहीं तर एका देशाचा डबा दुसऱ्याच्या बोगद्यांत अडकावयाचा. यासाठीं स्वित्झर्लंडांत बर्न येथें १८८२ व १८८६ सालीं परिषदा भरल्या. जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि स्वित्झर्लंड यांनीं तेथें समान मापें मान्य केलीं. ध्यानांत घ्या, फ्रान्स व जर्मनी यांच्यामधील १८७० चें युद्ध होऊन पुरीं वीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. एकमेकांचें तोंड न पाहणारीं हीं राष्ट्रें डब्यांच्या मापांवर मात्र एकमत झालीं.

मापानंतर वेळेचा प्रश्न आला. त्या काळीं प्रत्येक राज्याचें घड्याळ निराळें. कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं बाडेन, व्युर्टेंबर्ग, बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशीं पांच राज्यें भिडत, व त्या एका सरोवराभोंवतीं पांच वेळा चालत. अशा ठिकाणीं वेळापत्रक करणें म्हणजे पंचांग करण्याहून कठीण! जर्मनीनें १८९३ सालीं सर्व देशाला मध्य युरोपची एकच वेळ लागू केली, स्वित्झर्लंडनें १८९४ सालीं तीच स्वीकारली. फ्रान्सनें मात्र १९११ पर्यंत पॅरिसची वेळ सोडली नाहीं. तत्पूर्वींच, १८७३ च्या मार्चमध्यें, थॉमस कुक यांच्या पेढीनें युरोपखंडांतील गाड्यांचें एकत्रित वेळापत्रक छापण्यास आरंभ केला होता. ही पेढी तें पुस्तक २०१३ पर्यंत प्रसिद्ध करीत होती. पुढें तिच्या जुन्या संपादकवर्गांतील मंडळींनीं तें चालू ठेविलें. ब्रुसेल्सचा मनुष्य घरीं बसून मिलानला पोहोंचण्याची वेळ पाहूं शकतो, ही गोष्ट आज आपणांस साधी वाटते. परंतु तिच्या पाठीशीं या साऱ्या खटपटी आहेत.

आतां सीमेवर न उतरतां झोंपून जाण्याची सोय. जॉर्ज नागेलमाकर्स नांवाचा एक बेल्जन गृहस्थ अमेरिकेंत गेला असतां तेथील शयनाचे डबे पाहून आला व १८७२ सालीं त्यानें युरोपांत तशी कंपनी काढण्याचा उद्योग आरंभिला. त्याची युक्ति अशी : रूळ व इंजिन त्या त्या देशाचें, डबा मात्र कंपनीचा. सीमा आली कीं इंजिन बदले, हांकणारे बदलत, डबा पुढें जाई आणि उतारू झोंपलेलाच राही. यासाठीं प्रत्येक देशाच्या रेल्वेशीं त्याला वेगवेगळा करार करावा लागला. १८८३ च्या ४ ऑक्टोबर रोजीं पॅरिसहून जी ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ निघाली ती या करारांचें फळ होती. स्ट्रासबर्ग, म्यूनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट या मार्गानें ती डॅन्यूबकांठच्या जुर्जूपर्यंत जाई; तेथें नदी ओलांडून दुसऱ्या गाडीनें वार्ना बंदर व पुढें बोटीनें कॉन्स्टँटिनोपल. अखंड रूळ १८८९ सालीं झाले. आल्प्स पर्वत आड येत होता, त्यालाहि भोंकें पडलीं : १८७१ सालीं फ्रेझ्यूचा बोगदा, १८८२ सालीं गोथार्डचा, १९०६ सालीं सिंप्लॉनचा. आणि त्या वेळीं पश्चिम युरोपांत फिरणाऱ्या मनुष्यास पासपोर्टहि बहुधा लागत नसे. तो विचारला जाई तो रशियाच्या व तुर्कस्तानच्या सीमेवर.

मग १९१४ साल उजाडलें, आणि ज्या रुळांवरून उतारू झोंपून जात त्यांवरून सैन्यें जाऊं लागलीं. सीमा बंद झाल्या, पासपोर्ट आले, आणि युद्ध संपल्यावरहि ते गेले नाहींत. या युद्धाच्या शेवटाशीं आगगाडीच्या एका डब्याचा विलक्षण संबंध आहे. नागेलमाकर्सच्या कंपनीचा २४१९ क्रमांकाचा भोजनाचा डबा फ्रेंच सेनापतीनें कचेरीसाठीं घेतला होता. १९१८ च्या ११ नोव्हेंबर रोजीं कोंपियेन्यच्या रानांत, त्या डब्यांत जर्मनीनें शस्त्रसंधीवर सह्या केल्या. पुढें १९४० च्या जून महिन्याच्या २२ तारखेस हिटलरच्या आज्ञेवरून तोच डबा त्याच जागीं आणून उभा केला, व आतां फ्रान्सला सही करावी लागली. तो डबा नंतर जर्मनींत नेला गेला व १९४५ सालीं नष्ट झाला. सीमा ओलांडून लोकांना भोजन पुरविण्यासाठीं बांधलेल्या डब्याच्या नशिबीं हें यावें! करार मोडले कीं वाहनाचें काय होतें, हें शिकविण्यास मला याहून चांगलें उदाहरण सांपडलें नाहीं.

आतां रस्त्याकडे वळूं. कार्ल बेंझनें १८८६ च्या जानेवारींत आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्यास न सांगतां, मानहाइमहून फॉर्त्सहाइम येथें माहेरीं त्या मोटारीनें गेली. वाटेंत इंधन संपलें तें तिनें व्हीसलॉख गांवच्या औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. मोटारीचा सारा स्वभाव या पहिल्याच लांबच्या प्रवासांत दिसतो. वेळापत्रक नाहीं, कोणाची परवानगी नाहीं, मनांत आलें कीं निघावें. मात्र वाटेंतील प्रत्येक अडचण आपली आपण निस्तरावी.

परंतु बेर्टाबाईंना कोणत्याहि परदेशाची सीमा ओलांडावयाची नव्हती. ती ओलांडण्याची वेळ आली तेव्हां मोटारीचें स्वातंत्र्य किती तोकडें आहे हें ध्यानांत आलें. रेल्वेचा डबा कोणाचा हें सर्वांस ठाऊक असे. मोटार मात्र खासगी मालमत्ता. परक्या देशांत नेऊन ती मालकानें विकून टाकिली तर जकात बुडाली! म्हणून सीमेवर जकातीइतकी रक्कम अनामत ठेवावी लागे. पुढें मोटार-मंडळें हमी राहूं लागलीं व तीन भागांचा एक कागद निघाला. त्यास ‘ट्रिप्टिक’ म्हणत. एक भाग आंत शिरतांना फाडावयाचा, दुसरा बाहेर पडतांना, तिसरा मालकाजवळ. शिवाय वाहन चालविण्याचा परवाना दुसऱ्या देशानें कां मानावा, हा प्रश्न होताच. त्यासाठीं १९०९ सालीं पॅरिस येथें राष्ट्रांचा करार झाला आणि आंतरराष्ट्रीय दाखला निघाला. मोटारीच्या मागें देशाचें अक्षर लावण्याची चाल त्याच करारापासूनची.

मोटार भाड्यानें देण्याचा धंदाहि याच सुमाराचा. म्यूनिक येथें मार्टिन सिक्स्ट यानें १९१२ सालीं तीन मोटारींवर तो सुरू केला; महायुद्ध सुरू होतांच त्या सैन्याच्या कामीं गेल्या. अमेरिकेंत १९१८ सालीं शिकागोच्या वॉल्टर जेकब्स यानें फोर्डच्या बारा गाड्यांनिशीं दुकान मांडलें. तेंच पुढें हर्ट्झ याच्या हातीं गेलें. १९४६ सालीं वॉरन एव्हिस यानें डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर भाड्याच्या मोटारी ठेवण्यास आरंभ केला. विमानानें उतरावें, तेथेंच मोटार घ्यावी, हिंडून परत तेथेंच ठेवावी, अशी ही रीत. ती वाढली अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशांत, जेथें हजार मैल गेलें तरी राज्य एकच, चलन एक, भाषा एक. भाड्याच्या मोटारीचा पिंड असा एका देशांतील आहे. ती दोरीनें बांधलेल्या गाईसारखी. दोरी लांब असेल, पण खुंटा आहेच.

युरोपांत ही दोरी लांबविण्याचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर झाले, आणि त्यांत १९४९ हें वर्ष विशेष महत्त्वाचें. त्या वर्षीं जिनीव्हा येथें रस्त्यांवरील वाहतुकीचा नवा करार झाला. भारत त्यांत १९६२ सालीं सामील झाला. आज आपल्या आर. टी. ओ. कचेरींतून परदेशीं मोटार चालविण्याचा जो एक वर्षाचा परवाना मिळतो तो याच कराराचा. त्याच वर्षीं विम्याचा प्रश्न सोडविण्याची शिफारस झाली. फ्रान्सच्या मोटारीनें इटलींत मनुष्य जखमी केला तर भरपाई कोणी द्यावी? तोडगा असा निघाला कीं प्रत्येक देशाच्या विमेवाल्यांनीं एक संस्था स्थापावी व परक्या मोटारीची जबाबदारी तिनें घ्यावी. याची खूण म्हणून हिरव्या रंगाचें कार्ड १९५३ च्या आरंभापासून चालू झालें. १९४९ सालींच पॅरिसमध्यें आज युरोपकार म्हणून ओळखली जाणारी कंपनी निघाली, आणि १९५० सालीं युरोपभर जाणाऱ्या हमरस्त्यांना ‘ई’ या अक्षराचे क्रमांक देण्याचें ठरलें.

रेल्वेहि स्वस्थ बसली नव्हती. १९५७ सालीं अनेक देशांच्या रेल्वे-कारभाऱ्यांनीं मिळून ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ या जलद गाड्या सुरू केल्या; त्यांत सीमेवरील तपासणी चालत्या गाडींतच उरकीत. १९५९ सालीं युरोपाबाहेरील प्रवाशांसाठीं ‘युरेल’चा पास निघाला, व १९७२ सालीं युरोपांतील तरुणांसाठीं ‘इंटररेल’चा. एका तिकिटावर अनेक देश, ही कल्पना मोटारभाड्याच्या धंद्यास इतक्या सहज साधली नाहीं. आज हा युरेलचा पास तेहतीस देशांत चालतो. त्यानंतर १९८१ सालीं पॅरिस-ल्यों मार्गावर अतिवेगवान गाडी धांवूं लागली, १९९४ सालीं इंग्लंड व फ्रान्स समुद्राखालच्या बोगद्यानें जोडले गेले, आणि २०१६ सालीं गोथार्डच्या पायथ्याशीं सत्तावन किलोमीटरांचा नवा बोगदा खुला झाला. समुद्राखालून जातांना तर मोटारीसहि आगगाडीवर चढूनच जावें लागतें, कारण त्या बोगद्यांत रस्ता नाहींच!

दोघांनाहि सारखाच लाभलेला करार म्हणजे शेंगेनचा. लक्झेंबर्गच्या या लहान गांवीं मोझेल नदींतील एका बोटीवर १९८५ च्या १४ जून रोजीं पांच देशांनीं सह्या केल्या व १९९५ च्या मार्चमध्यें सीमांवरील नाकीं उठलीं. आज या व्यवस्थेंत एकोणतीस देश आहेत. मोटारीचा जो तास नाक्यावर मोडे तो वांचला. कित्येकांस आपण दुसऱ्या देशांत आलों हें दुकानांच्या पाट्या पाहूनच कळतें.

मग श्रोते विचारतील, आतां मोटारीस अडचण कोणती? अडचण अशी कीं नाकें उठलें तरी भाड्याच्या करारांतील सीमा उठली नाहीं. पॅरिसला घेतलेली मोटार रोमला ठेवावयाची म्हणाल तर ती परत आणण्याचा खर्च तुमच्याकडून घेतात, आणि तो पुष्कळ वेळां भाड्याहूनहि जड होतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! कांहीं जातीच्या मोटारी कांहीं देशांत नेण्यास मनाई असते, आणि सांगितल्यावांचून नेली तर विम्याचें संरक्षण जातें. प्रत्येक देशाचा रस्ताकर निराळा. स्वित्झर्लंडांत १९८५ पासून व ऑस्ट्रियांत १९९७ पासून हमरस्त्यासाठीं शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. फ्रान्स व इटली येथें नाक्यांवर पैसे मोजावे लागतात. इटलीच्या जुन्या शहरांच्या गाभ्यांत परक्या मोटारीस बंदी असते. चुकून शिरलांत तर छायाचित्र निघतें व दंडाचें पत्र कांहीं महिन्यांनीं पुण्यास किंवा नागपुरास येऊन पोहोंचतें. शिवाय आपण डाव्या बाजूनें चालणारे लोक. युरोपच्या मुख्य भूमीवर सर्वत्र उजवी बाजू. स्वीडनहि पूर्वीं डावीकडून चाले, त्यानें १९६७ च्या ३ सप्टेंबर रोजीं एका दिवसांत बाजू बदलली. एका देशानें तसें करण्यापूर्वीं चार वर्षें तयारी केली. आपण तें विमानतळाच्या दारांत, रात्रभर न झोंपतां, पांच मिनिटांत करूं पाहतों. साठी उलटलेल्या मनुष्यानें याचा विचार अवश्य करावा. येथें पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून माझें मत असें. शहराकडून शहराकडे आणि देशाकडून देशाकडे जावयाचें असेल तर आगगाडीच घ्यावी. लंडनहून पॅरिस सुमारें सव्वादोन तास, पॅरिसहून ब्रुसेल्स दीड तासाच्या आंत, झुरिकहून मिलान सव्वातीन तासांच्या आसपास. आणि गाडी थांबते ती शहराच्या मध्यभागीं, मोटार ठेवण्यास जेथें जागा मिळत नाहीं तेथें. मात्र आगगाडी घेणाऱ्यानेंहि डोळे उघडे ठेवावे. फ्रान्स, इटली, स्पेन येथील वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेसाठीं वेगळे पैसे द्यावे लागतात. तिकीट आधीं काढलें तर स्वस्त, ऐन वेळीं महाग. जर्मनींतील लांब पल्ल्याच्या गाड्यांना अलीकडे वारंवार उशीर होतो, तेव्हां दोन गाड्यांमध्यें सहा मिनिटें ठेवून बेत आंखूं नये. विशेषतः हातीं चिवड्यालाडूंच्या डब्यांसह तीन जड पेट्या असतां!

परंतु आगगाडी सर्वत्र पोहोंचत नाहीं, यालाहि इतिहासच कारण. इंग्लंडांत १९६३ सालीं डॉक्टर बीचिंग यांनीं जो अहवाल दिला त्यांत दोन हजारांहून अधिक स्थानकें आणि सुमारें पांच हजार मैल मार्ग बंद करण्याची सूचना होती. तींतील पुष्कळशी अमलांत आली. फ्रान्समध्यें व इतरत्रहि खेड्यांकडे जाणाऱ्या शाखा अशाच गळाल्या. जेथें रूळ उपटले गेले तेथें मोटारीस पर्याय नाहीं. स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, आयर्लंडचा पश्चिम किनारा, इटलीच्या टस्कनीमधील टेंकड्यांवरचीं खेडीं, पोर्तुगालचा आलेंतेझू, हीं पाहण्यास मोटार घ्यावी. याच्या उलट स्वित्झर्लंड. तेथें १९०६ पासून चालणाऱ्या टपालखात्याच्या मोटारबशी डोंगरांत जातात, व १९८२ पासून सर्व देशाच्या गाड्या ठराविक अंतरानें, एकमेकींशीं मेळ घालून सुटतात. तेथें खेड्यासाठींहि मोटारीचें कारण उरत नाहीं. आणि इबेरियाच्या द्वीपकल्पांत आणखी तिसराच प्रकार. लिस्बन व माद्रिद या दोन राजधान्यांना जोडणारी रात्रीची गाडी २०२० च्या साथींत थांबली. शेजारीं राष्ट्रें असूनहि करार ढिले राहिले कीं असें होतें.

हिशेबाची एक सोपी खूण सांगतों. आगगाडी डोकीं मोजते, मोटार दिवस मोजते. दोघे नवराबायको चार देश पाहणार असतील तर आगगाडी परवडते. पांच माणसांचें कुटुंब एकाच देशांतील खेडीं आठवडाभर हिंडणार असेल तर मोटार. आणि दोहोंचा मेळ घालण्यास कोणाची हरकत नाहीं. समजा, आम्स्टरडॅम, पॅरिस, झुरिक, मिलान, फ्लॉरेन्स असा बेत आहे. फ्लॉरेन्सपर्यंत सर्व प्रवास आगगाडीनें करावा. तेथें तीन दिवसांपुरती मोटार घेऊन खेडीं पाहावीं, व ती त्याच गांवीं परत करावी. म्हणजे सीमा आगगाडीनें ओलांडल्या आणि आडवाटा मोटारीनें धुंडाळल्या. ज्याचें काम त्यानें केलें.

शेवटीं एकच गोष्ट सांगावयाची आहे. डेन्मार्क व स्वीडन यांच्या मध्यें समुद्रावर एक पूल आहे. २००० सालीं तो खुला झाला. वरच्या मजल्यावरून मोटारी जातात, खालून आगगाड्या. दोन्ही देश शेंगेनचे. हजारों लोक रोज या तीरावरून त्या तीरावर कामास जात, कोणी विचारीत नसे. निर्वासितांचा लोंढा आल्यावर स्वीडननें बंधनें घातलीं, आणि २०१६ च्या जानेवारीपासून कोपनहेगनच्या विमानतळाजवळील स्थानकांत प्रत्येक उतारूस ओळखपत्र दाखविल्यावांचून पुढील गाडीकडे जातां येईना. पुढच्या वर्षीं ही तपासणी उठली. तोंवर रोजच्या नोकरदारांचा वेळ रोज मोडत राहिला. २०२० च्या साथींत तर युरोपभर सीमा मिटल्या, आणि रूळ व रस्ता दोन्ही एकाच वेळीं ओस पडले.

तेव्हां आपल्या घरीं नकाशा पसरला जाईल तेव्हां भाड्याचे आंकडे जरूर मांडावे, पेट्यांचें वजन करावें, चालकाचें वयहि विचारांत घ्यावें. आणि प्रवासांत कोठें तरी, गाडी न थांबतां, खिडकीबाहेरील पाट्यांची भाषा बदललेली दिसली, तर शेजारीं बसलेल्या नातवंडास तेवढें सांगावें कीं, बाळ, येथें पूर्वीं दोन सैन्यें उभीं असत. आज आपण न उतरतां चाललों आहों, तें पुष्कळ लोकांनीं पुष्कळ वर्षें एकत्र बसून घातलेल्या सह्यांमुळें.